‘मी येतो’ म्हणणारी नायिका

गेल्या अंकात माझ्या कादंबरीतील एक प्रकरण प्रसिद्ध झाल्यानंतर संपादकांकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांनी ते प्रकरण वाचलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की बेळगावच्या वडगाव भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आणि पुढे पुण्याला शिकायला गेलेल्या एका मुलीची ती गोष्ट आहे.

‘बाई, आपण स्वतः मराठीच्या शिक्षिका आहात. मग आपल्या नायिकेच्या तोंडी “मी येतो”, “मी जेवलो” अशी अशुद्ध रूपे का घातलीत? पुण्या-मुंबईचे वाचक हसतील, असे वाटले नाही का?’ (एक निवृत्त शिक्षिका, खानापूर)

हसतील काय, ते हसून झाले आहेत, आणि खरे सांगायचे तर ही कादंबरी त्या हसण्यातूनच निघाली. १९८७ साली पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच रात्री मी ‘मी जेवून आलो’ असे म्हणाले, तेव्हा खोलीतल्या तिघीजणी एकमेकींकडे पाहून जे हसल्या ते मी पुढे दोन वर्षे विसरले नाही. त्या दोन वर्षांत मी प्रत्येक क्रियापद तोंडातून बाहेर पडण्याआधी तपासून घेत असे, मात्र सुट्टीत घरी निघाले, की एस.टी.ने निपाणी ओलांडेपर्यंत माझी जीभ आपोआप मूळ वळणावर आलेली असे. आमच्या आईने उभ्या जन्मात ‘येते’ म्हटले नाही. ‘दळप टाकून येतो गं’ असे सांगून ती बाहेर पडायची, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे, कारण गल्लीतल्या साऱ्या बायका तशाच बोलत. शेजारच्या कन्नड घरातही ‘नानु बरुत्तेने’ हे बाई आणि बुवा दोघेही सारखेच म्हणतात, कारण त्या भाषेत ‘मी’बरोबरचे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या दोन भाषांमध्ये अशी देवाणघेवाण होणारच, असे मी मानते. म्हणून आपला ‘अशुद्ध’ हा शब्द मी आदरपूर्वक परत करते. वर्गातल्या फळ्यावर मी नोकरी संपेपर्यंत ‘येते’ असेच लिहिले, परंतु कादंबरीतली आई काही फळ्यावर राहत नाही.

हे शहाणपण मला पहिल्या खर्ड्यात नव्हते. तो सुमारे तीनशे पानांचा खर्डा मी संपूर्णपणे प्रमाण भाषेत लिहिला होता, आणि तो मोठ्याने वाचू लागले तेव्हा कांडी भरता भरता लेकीला रागावणारी आई मला आकाशवाणीवरून बातम्या देणाऱ्या बाईसारखी ऐकू आली. मग निवेदन तसेच ठेवून संवाद तेवढे पुन्हा लिहिले, आणि त्या कामात आणखी दीड वर्ष गेले. बोलीचाही मोह आवरावा लागतो. ‘कुठं जाऊलालास?’ हे आमच्याकडचे रूप मी मोजक्याच जागी वापरले आहे, कारण नागपूरच्या वाचकाला प्रत्येक ओळीवर अडखळायला लावणे मला मान्य नव्हते, आणि शेवटी शब्दार्थांची यादी जोडणे तर मला अजिबात आवडत नाही. पुढे पुस्तकाची मुद्रिते आली तेव्हा मुद्रितशोधकांनी दीडशेहून अधिक ठिकाणी ‘येतो’ खोडून ‘येते’ केले होते. त्यांचे काम त्यांनी चोख केले होते, यात शंका नाही. मी संपादकांना चार पानी पत्र लिहून कळवले, की नायिका घरी ‘येतो’ म्हणते आणि पुण्यात ‘येते’ म्हणू लागते, आणि ज्या दिवशी ती स्वतःच्या आईला फोनवर ‘येते’ म्हणते त्या दिवशी आई गप्प होते. सगळीकडे ‘येते’ झाले, तर ते प्रकरणच नाहीसे होईल. त्यानंतर ती सर्व रूपे पूर्ववत झाली.

‘सीमाभागातल्या लेखकाने सीमाप्रश्नावर लिहू नये, हे पटत नाही. आपल्या प्रकरणात त्याचा उल्लेखही नाही.’ (एक वाचक, चिकोडी)

उल्लेख नसला तरी तो प्रश्न कादंबरीत आहे. आमच्या गावात साहित्य आणि सीमाप्रश्न एकाच मांडवात वाढले. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि नेमके म्हणूनच ते कादंबरीत भाषणासारखे आले असते तर आपण दोघांनीही पाने उलटली असती. माझ्या मनात जे रुतून बसले होते ते निराळेच होते. वडिलांच्या नावाची जमिनीची नोटीस कन्नडमध्ये आली, की आई ती पदराखाली धरून शेजारच्या अक्कांकडे जायची. अक्का चष्मा लावून ती वाचायच्या, मग मोडक्या मराठीत तिचा अर्थ सांगायच्या आणि वर चहा करायच्या. आपल्याच जमिनीचा कागद आपल्याला वाचता येत नाही, ही चीड आणि तो वाचून दाखवणाऱ्या बाईविषयीची माया, या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच दुपारी नांदत होत्या. ती दुपार माझ्या डोक्यात वीस वर्षे होती. कादंबरीचे बीज कोणते असे कोणी विचारले, तर मी तीच सांगते.

‘मी दुकानात कामाला असतो. रात्री दहानंतर मोकळा होतो. लेखनावर पोट भरता येते का, आणि नसेल तर लिहायचे केव्हा?’ (एक तरुण वाचक, निपाणी)

पोट भरत नाही. हिशेबच करून दाखवते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १००० प्रतींची आणि मानधन दहा टक्के धरले, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. आपल्याच गावात महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत चालवीत लिहीत राहिले, आणि गिरणीवर येणारी, गॅरेजात राबणारी, तंबाखूच्या वखारीत खपणारी माणसे त्यांनी मराठी कथेत आणली. तेव्हा दुकान हा अडथळाच आहे असे धरून चालू नका. गल्ल्यावर बसणाऱ्याला माणसे जितकी ऐकायला मिळतात तितकी मला शिक्षकांच्या खोलीतही मिळाली नाहीत. रात्री दहानंतर डोळे मिटत असतील, तर पहाटे लिहा. मी सव्वापाच ते साडेसहा लिहीत असे, नळाला पाणी यायच्या आत, आणि पाणी आले की वाक्य अर्धवट सोडून उठत असे. अर्धवट सोडलेल्या वाक्यापासून दुसऱ्या दिवशी सुरुवात करणे सोपे जाते, हे मला त्या नळानेच शिकवले.

‘बेळगावात राहून प्रकाशक कसा मिळवावा? करारात काय पाहावे?’ (एक लेखिका, शहापूर, बेळगाव)

संपूर्ण कादंबरी घेऊन एकदम दारोदार फिरू नका. दिवाळी अंकांकडे एखादे स्वयंपूर्ण प्रकरण पाठवा. आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांतून साहित्य संमेलने भरतात, तेथे कथाकथनात वाचून पाहा. पुढच्या रांगेतल्या बायका कुठे हसतात आणि कुठे चुळबुळ करू लागतात, यावरून जितके कळते तितके परीक्षकाच्या अभिप्रायातूनही कळत नाही. माझे हस्तलिखित एका प्रकाशकाकडे चौदा महिने पडून होते. दुसऱ्याने स्वीकारले, पण छपाईचा निम्मा खर्च मागितला. तिसऱ्याने दोन महिन्यांत होकार कळवला. पैसे भरून छापणे हा गुन्हा नव्हे, मात्र मग त्याला छपाईच म्हणावे, आणि प्रती कुठे व कशा विकल्या जाणार हे आधी विचारावे.

कराराविषयी सविस्तर लिहिते, कारण येथेच आपण भिडेपोटी फसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, त्यामुळे तोंडी ‘बघू या, आपलेच पुस्तक आहे’ याला अर्थ नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर त्या हक्काचे हस्तांतरण संपुष्टात येते. कोणते हक्क देत आहोत तेही एकेक करून लिहून घ्या. छापील पुस्तकाचा हक्क देताना अनुवादाचा हक्क त्यात नकळत जाऊ देऊ नका, विशेषतः आपल्या भागात, जिथे कन्नड अनुवादाची शक्यता नेहमीच असते. माझ्या करारात तो माझ्याकडेच आहे.

शेवटी एक क्षुल्लक वाटणारी सूचना. हस्तलिखित युनिकोडमध्ये पाठवा आणि त्यावर पृष्ठक्रमांक घाला. माझ्या पहिल्या प्रतीवर ते नव्हते. चौदा महिन्यांनी ती परत आली तेव्हा सातवे प्रकरण चौथ्याच्या आधी लागलेले होते, आणि सोबतच्या अभिप्रायात काळाच्या उलटसुलट मांडणीचे कौतुक केलेले होते.