पारा मोजताना आधी नळीवर संशय घे

रीडिंग शून्याजवळ आलं म्हणून लगेच खूश होऊ नकोस. बरेचदा नैसर्गिक वायूतला पारा तुझ्या सॅम्पल लाइनच्या, म्हणजे नमुना आणणाऱ्या नळीच्या, भिंतीतच बसलेला असतो. साधी स्टीलची नळी तो धरून ठेवते आणि तापमान वाढलं की परत सोडते. म्हणजे आधी आकडा खोटा कमी, मग खोटा जास्त. नळी आखूड, आतून सिलिकाचा लेप असलेली आणि गरम हवी. रेग्युलेटरही गरमच ठेव. दाब उतरताना वायू थंड पडतो, द्रव हायड्रोकार्बन साचतं आणि पारा त्यात जातो. रीडिंग स्थिरावेपर्यंत वहीत काही लिहायचं नाही, वरिष्ठ कितीही घाई करोत.

सोन्याचे ट्रॅप, म्हणजे वायूतला पारा सोन्यावर पकडणाऱ्या नळ्या, एकामागे एक दोन लाव. दुसऱ्यात बराच पारा सापडला, तर तो नमुना रद्द. वायू न सोडलेला कोरा ट्रॅपही तपास. साध्या सिलिंडरमध्ये नमुना भरून प्रयोगशाळेत पाठवणं मला तरी पटत नाही.

शोषक बेडच्या, म्हणजे वायूतला पारा काढून घेणाऱ्या थराच्या, आधी आणि नंतर मोज, पण लाइन वेगळ्या. एलएनजीसाठी (द्रवरूप नैसर्गिक वायू) बेडनंतर घनमीटरला ०.०१ मायक्रोग्रॅमच्या खाली राहायचं असतं. एवढा काटेकोरपणा कशाला? अल्जीरियात स्किकडाच्या एलएनजी प्रकल्पात १९७३ मध्ये पाऱ्याने ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर निकामी केला. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूम्बा वायू प्रकल्पातल्या स्फोटामागेही पाराच होता.

आणि शटडाऊनमध्ये भांडी उघडताना पाऱ्याच्या वाफेचा मीटर सोबत असू दे. वेल्डिंगच्या आधी तर नक्कीच.