कुत्रा चावल्यावर जखमेतच इंजेक्शन कशासाठी?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला भटका कुत्रा चावला. रुग्णालयात दंडावर लस दिली, शिवाय जखमेतही तीन-चार ठिकाणी सुई टोचून दुसरे औषध भरले. ते घोड्याच्या रक्तापासून करतात असे कळले. लस दिल्यावर त्याची खरोखर गरज होती का? पुढच्या प्रत्येक डोसाबरोबर ते घ्यावे लागेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रक्त आलेल्या चाव्यात त्याची नक्कीच गरज असते. लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिने तयार करू लागते, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरला आणि रेबीजची लक्षणे दिसू लागली, तर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तयार प्रतिपिंडे विषाणू जिथे आहे तिथेच, म्हणजे जखमेत सोडतात.

ही प्रतिपिंडे मिळवण्यासाठी घोड्याला रेबीजची लस पुन्हापुन्हा टोचतात आणि नंतर त्याच्या रक्तातील रक्तद्रवातून ती वेगळी काढून शुद्ध करतात. घटसर्प व धनुर्वातावर हा मार्ग बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी बर्लिनमध्ये १८९० साली दाखवला. आपल्याकडचे सर्पदंशावरील औषधही याच जातीचे. मात्रा वजनानुसार, किलोमागे ४० युनिट ठरते. मुलाचे वजन २२ किलो धरले, तर ८८० युनिट, म्हणजे मिलिलिटरला ३०० युनिट असलेल्या कुपीतून जेमतेम तीन मिलिलिटर. पोटरीच्या जखमेत एवढे औषध भरताना मूल रडणारच, पण त्याची कीव येऊन ते दंडात टोचले असते तर जखमेपाशी फारच थोडे पोहोचले असते.

घोड्याच्या प्रथिनांची क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून इंजेक्शननंतर रुग्णाला काही वेळ थांबवून ठेवतात. माणसाच्या रक्तद्रवापासून केलेल्या औषधात हा धोका कमी असतो, पण ते महाग पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ साली बाजारात आणलेले औषध तर पेशी वाढवून बनवलेल्या एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचे आहे. त्याला घोडाही लागत नाही आणि रक्तदाताही.

हे औषध एकदाच घ्यायचे असते. पहिल्या दिवशी राहून गेले, तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येते; नंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे आलेली असतात. लसीचे उरलेले डोस मात्र ठरल्या तारखांनाच पूर्ण करा आणि कार्ड जपून ठेवा, कारण मुलाला पुन्हा कधी कुत्रा चावला तर ते पाहून डॉक्टर जखमेतले इंजेक्शन टाळू शकतील आणि लसीचे दोनच डोस पुरतील.