तिरंगा, मतदारयादी आणि बंधाऱ्याचा हिशेब

देशप्रेम म्हणजे नेमके काय करायचे, असे विचारणारी पत्रे कोकणपट्टीतून आली. त्यांतल्या पाच प्रश्नांना ही उत्तरे.

आमची शाळा समुद्राला लागून आहे. १५ ऑगस्टला दोरी ओढली की झेंडा सुटतच नाही किंवा अर्धवट सुटून काठीला गुंडाळतो. कपाटातून काढला की त्यावर बुरशीचे डाग दिसतात. काय करावे?
*– मुख्याध्यापिका, गुहागर तालुका*

आधी एक सोपा उपाय. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा असतो. वर बांधून ठेवून मग सोडायची रीत २६ जानेवारीची. तेव्हा या दिवशी पुडी बांधूच नका. झेंडा उघडाच काठीच्या पायथ्याशी दोरीला जोडा आणि भरभर वर न्या. उतरवताना मात्र सावकाश. गाठच नसली तर अडकणार काय?

२६ जानेवारीला पुडी बांधावीच लागते. तेव्हा एकच सरकगाठ मारा, दुहेरी नको. आत मूठभर सुक्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची परवानगी आहे, पण ओल्या पाकळ्यांचा गोळा होतो आणि कापड त्याला चिकटते. आदल्या दिवशी त्याच मापाचे दुसरे कापड बांधून रंगीत तालीम घ्या.

दोरी सुती असेल तर ती पावसाने फुगते आणि गाठ आवळते. आठ मिलिमीटरची नायलॉनची विणलेली दोरी घ्या. वरची कप्पी लोखंडी असेल तर खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात गंजते, चाक फिरत नाही, दोरी खाचेतून उतरते आणि चाक व कडेच्या पत्र्याच्या मध्ये अडकते. कप्पी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची बसवा. मे अखेरीस एकदा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा ग्रीस लावा.

मापाचे प्रमाण ३:२. पंधरा-वीस फुटी काठीला ९०० × ६०० मिलिमीटरचा झेंडा पुरतो. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात त्याहून मोठा झेंडा काठी वाकवतो आणि त्याची मोकळी कडही लवकर उसवते. खादी भिजली की जड होऊन लोंबते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेले आणि पॉलिएस्टरचे झेंडेही चालतात, त्यामुळे पावसाळी दिवसासाठी तो पर्याय आहे. प्लॅस्टिकचा झेंडा मात्र नको.

बुरशी येते ती ओला झेंडा घडी करून ठेवल्यामुळे. उतरवल्यावर सावलीत पसरून पूर्ण वाळवा. मग केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, अशोकचक्र वर दिसेल अशी घडी घाला आणि सुती कापडात गुंडाळा. फाटलेला किंवा डागाळलेला झेंडा फडकवता येत नाही. तो अखंडच, खासगी जागी, शक्यतो जाळून, मान राखून नष्ट करावा. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रम संपताच मोजून परत घ्या. १६ तारखेला गटारात पडलेले झेंडे दिसणे फार वाईट.

नारळी पौर्णिमा आणि १५ ऑगस्ट पुष्कळदा जवळजवळ येतात. आमच्या बंदरात होड्यांना तिरंगा गुंडाळून मिरवणूक काढतात. ते बरोबर आहे का?
*– तांडेल, हर्णै परिसर*

नाही. वाहन, रेल्वे किंवा होडी यांच्या टपावर, बाजूंवर वा मागे झेंडा पांघरायला ध्वजसंहितेत स्पष्ट मनाई आहे. झेंडा पाण्याला लागू देणेही वर्ज्य, आणि बाजूवर गुंडाळलेला झेंडा पहिल्या लाटेलाच भिजणार. लावायचाच तर काठीवर, मोकळा, केशरी पट्टा वर ठेवून लावा. तुमचा नेहमीचा बावटा त्याच काठीवर नको, तिरंग्याच्या बरोबरीने शेजारी किंवा त्याहून उंचही नको.

मिरवणूक एका दिवसाची. समुद्रावर देशाचे काम वर्षभर असते, त्याबद्दलही लिहितो. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना लागू आहे, कारण हा बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. चार दिवस आधी गुपचूप जाणारी नौका शेजाऱ्याच्या पुढच्या हंगामावर हात मारते. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ पासून मनाई केली आहे. ट्रॉलच्या जाळ्यात मासळी साठते त्या शेवटच्या भागाला ४० मिलिमीटरची चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचे भोक, हवी. आस बारीक असली की पिल्ले अडकतात आणि ती कवडीमोलाने खतात जातात.

दुसरे काम नजर ठेवण्याचे. १९९३ मध्ये स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरवली गेली आणि २००८ मध्ये मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रात पळवलेली मच्छीमार नौका वापरून आले. संशयास्पद नौका दिसली तर जवळ जाऊ नका. नाव, नोंदणी क्रमांक, रंग, अंदाजे माणसे, नौकेचे तोंड कोणत्या दिशेला आणि वेळ एवढे टिपून सागरी पोलिसांच्या १०९३ वर कळवा. समुद्रात जीव धोक्यात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा व्हीएचएफ या बिनतारी संचाचे १६ नंबरचे चॅनेल. ओळखपत्र नसलेला खलाशी नौकेवर घेऊ नका, हंगामाला माणूस कमी पडत असला तरी.

वर्गातला एक मुलगा राष्ट्रगीताला शांत उभा राहतो, पण गात नाही. पालकांची तक्रार आली आहे. शिक्षा करावी का?
*– शिक्षक, सावंतवाडी*

करू नये. केरळमधल्या अशाच मुलांना शाळेतून काढले होते, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आदराने उभे राहणाऱ्याने गायले नाही म्हणून अपमान होत नाही. अपमान गीत चालू असताना मुद्दाम अडथळा आणण्याने होतो. चाल मात्र सर्वांना नीट शिकवा. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. पेटीवाला संथ लागला की मुले ओळी खेचतात आणि शेवटचा जयघोष विस्कटतो.

आम्ही चाकरमानी. राहतो डोंबिवलीत, घर राजापूर तालुक्यात. गावावर प्रेम म्हणून दोन्हीकडे नाव आहे. यात गैर काय?
*– एक वाचक*

गैर आहे आणि गुन्हाही ठरू शकतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात असू शकते. नोंदणीसाठी खोटे निवेदन दिले तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गावात नुसते घर असल्याने तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, हे कलम २० मध्ये लिहिलेले आहे. वर्षभर जिथे राहता तिथले नाव ठेवा आणि दुसरे वगळण्यासाठी नमुना ७ भरा. पुढे कायमचे गावी गेलात तर नमुना ८ भरून नाव हलवा.

गणपतीला येऊन गावच्या निवडणुकीचा कल ठरवणे आणि उन्हाळ्यात टँकरसाठी रांगेत उभे न राहणे, हा गावात राहणाऱ्यांवर अन्याय आहे. गावासाठी मताशिवायही पुष्कळ करता येते. घरपट्टी वेळेत भरा. बंद घराभोवतीचे रान काढा, कारण तिथूनच वणवा शेजारच्या कलमी बागेत शिरतो. आणि माहिती अधिकाराचा अर्ज देशातला कोणताही नागरिक कुठूनही करू शकतो.

गावात धूपप्रतिबंधक बंधारा झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात खचला. मी खर्च विचारला तर ‘विकासाच्या आड येतोस, देशद्रोही आहेस’ असे ऐकवले. मी चुकलो का?
*– एक तरुण, देवगड तालुका*

नाही, तुम्ही चुकला नाहीत. याच कोकणात महाडला काय झाले ते आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला आणि महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले ठरवले. कागदावर सगळे होते. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या लोकांना मारहाण झाली. तळ्याचा न्यायालयीन निकाल लागायला १९३७ उजाडले. जे सर्वांचे म्हणून लिहिले आहे ते खरोखर सर्वांचे करून मागणे, याहून मोठे देशप्रेम आम्हाला माहीत नाही. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण हे तर घटनेच्या कलम ५१-अ मधले कर्तव्यच आहे.

आता काम कसे करायचे ते. ‘बंधारा का खचला’ असे माहिती अधिकाराच्या अर्जात विचारू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, सोबत १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट. मागा एवढेच: अंदाजपत्रक, कार्यादेश, मापन पुस्तकाच्या प्रती, अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधीची अट. शेवटची विसरू नका. तो कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणे त्यांचे काम आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आले तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे.

कागद हाती आले की दगडाचे वजन आणि तळाचे थर पाहा. दगड ठरल्यापेक्षा हलका असेल तर जूनच्या लाटा तो उचलतात. खाली लहान दगडांचा थर किंवा गाळणीचे कापड नसेल तर वाळू फटींतून निसटते आणि वरचा मोठा दगडही खाली खचतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि प्रमाणित नमुने मागता येतात. त्यासाठी अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतली मोठी ओहोटी निवडा, बंधाऱ्याचा पाय तेव्हाच उघडा पडतो. आपल्या किनाऱ्यावर ती सकाळी लवकर आणि सायंकाळी येते, म्हणून पाहणीची वेळ अर्जातच लिहून मागा.