ग्रँटमध्ये बंब मिळतो, त्यावर बसणारा माणूस मिळत नाही : वाचकांची प्रश्नोत्तरे

अमेरिकेत आग लागली, पूर आला की सगळ्यात आधी धावणाऱ्या दलांना वॉशिंग्टनकडून, म्हणजे मुख्यतः होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याकडून, ग्रँट म्हणजे अनुदानाचा पैसा कसा मिळतो, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींना आज उत्तरं देतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत आमच्या टाउनच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे. बंब जुना झालाय. होमलँड सिक्युरिटीकडून नवा मिळेल का? आयटीतला म्हणून अर्जाचं काम माझ्याच गळ्यात पडलंय.

मिळू शकतो, पण बंबापासून सुरुवात करू नका. तुमच्या कामाची ग्रँट म्हणजे 'असिस्टन्स टु फायरफायटर्स', थोडक्यात एएफजी. ती फेमा, म्हणजे होमलँड सिक्युरिटीच्या हाताखालची आपत्ती व्यवस्थापन संस्था, चालवते. ही ग्रँट होमलँड सिक्युरिटी खात्यापेक्षाही जुनी आहे. तिचा कायदा २००० सालचा, खातं सुरू झालं मार्च २००३ मध्ये. तिचा रोख दहशतवादावर नाही, रोजच्या आगीवर आहे. तेव्हा अर्जात उगाच ९/११ आणू नका.

एकूण रकमेतले २५ टक्क्यांहून जास्त पैसे गाड्यांवर जाऊ नयेत, असं कायद्यातच आहे. म्हणून बंबाच्या रांगेत चुरस मोठी. अंगावरचे कोट आणि श्वसनयंत्रं यांना प्राधान्य मिळतं. अर्ज तपासणाऱ्या पॅनेलवर अग्निशमन दलांतलेच लोक असतात, त्यांच्यापुढे शब्दांचे फुलोरे चालत नाहीत. एका संध्याकाळी स्टेशनवर जा, खुंटीवरचा प्रत्येक कोट उलटा करा आणि आतल्या लेबलवरची तारीख लिहून घ्या. एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मानकाप्रमाणे दहा वर्षांनी कोट बाद होतो. जवान किती, कोट किती आणि त्यातले बाद किती, हे तीन आकडे अर्जात आले की निम्मं काम झालं.

तुमच्या हद्दीची लोकसंख्या २०,००० पर्यंत असेल तर तुमचा वाटा ग्रँटच्या ५ टक्के, म्हणजे लाख डॉलरला पाच हजार. त्यापुढे दहा लाखांपर्यंत १० टक्के. हा वाटा कुठून येणार ते टाउनशी आधी बोलून ठेवा. मंजुरीनंतर पॅनकेक ब्रेकफास्ट करून जमवू, असा भरवसा धरू नका.

प्रश्न : आमच्याकडे गाडी आहे, पण दिवसा कॉल आला की चालवायलाच कोणी नसतं. सगळे नोकरीवर. माणसांसाठी पैसा मिळतो का? (पेनसिल्व्हेनिया)

खरं दुखणं हे आहे. अमेरिकेतले जवळपास दोन तृतीयांश अग्निशमन जवान स्वयंसेवक आहेत, आणि त्यांची संख्या घटते आहे.

माणसांसाठीच्या ग्रँटचं नाव 'सेफर'. पगारी जवान घेतले तर कायद्याने पहिली दोन वर्षं ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ३५ टक्के खर्च फेडरल सरकार उचलतं. चौथ्या वर्षी सगळा पगार टाउनच्या गळ्यात. म्हणून बरेच मेयर अर्जावर सही करायला कचरतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. तुमच्यासारख्यांनी याच ग्रँटचा दुसरा भाग बघावा. नवे स्वयंसेवक मिळवणं आणि असलेले टिकवणं यासाठी तो आहे आणि त्यात स्थानिक वाटा भरावा लागत नाही.

प्रश्न : ९/११ न्यूयॉर्कमध्ये झालं, मग पैसा वायोमिंगसारख्या ओसाड राज्याला का गेला? (पुणे)

कारण वायोमिंगचेही सिनेटर दोनच आणि न्यूयॉर्कचेही दोनच, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात दोघांचं वजन सारखंच! ९/११ नंतर आलेल्या २००१ च्या पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याने प्रत्येक राज्याला सुरक्षेसाठीच्या एकूण निधीच्या किमान ०.७५ टक्के देण्याची हमी दिली. पन्नास राज्यांचा हिशेब केलात तर जवळजवळ ४० टक्के रक्कम धोका न बघताच वाटली जात होती. उरलेली लोकसंख्येवर. साहजिकच दरडोई हिशेबात वायोमिंग न्यूयॉर्कच्या कितीतरी पुढे गेलं. ९/११ आयोगाने २००४ मध्ये स्पष्ट सांगितलं की वाटप धोका बघूनच व्हावं. हमी कमी व्हायला २००७ चा कायदा यावा लागला. आता ती ०.३५ टक्के आहे.

पण धोका मोजणं म्हणजे तरी काय? २००६ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच महानिरीक्षकांनी देशातल्या 'महत्त्वाच्या ठिकाणां'ची यादी तपासली. तीत इंडियानाची ८,५९१ ठिकाणं निघाली, न्यूयॉर्क राज्याच्या सुमारे दीडपट. अलाबामातलं लहान मुलांनी शेळ्यामेंढ्या कुरवाळायचं पेटिंग झूही यादीत होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराचा निधी २०.७ कोटी डॉलरवरून १२.४ कोटींवर आला, आणि खात्याच्या कागदावर शहरातली 'राष्ट्रीय स्मारकं वा प्रतीकं' शून्य! खुलासा असा की एम्पायर स्टेट उंच इमारतींच्या रकान्यात मोजली आहे आणि ब्रुकलिन ब्रिज पुलांच्या. मंत्रालयात कामासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला या खुलाशाचं नवल वाटू नये.

प्रश्न : आमच्या मंदिरासाठी कॅमेरे आणि फाटक बसवायला सरकारी मदत मिळते, असं ऐकलं. (टेक्सास)

बरोबर ऐकलंत. 'नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट'. सिनेगॉग, चर्च, मशीद, गुरुद्वारा, मंदिर, सगळ्यांना खुली. २०२३ मध्ये एका जागेला दीड लाख डॉलरपर्यंत मर्यादा होती. अर्ज थेट फेमाकडे जात नाही, राज्याच्या नेमलेल्या कार्यालयामार्फत जातो आणि मुदत प्रत्येक राज्याची वेगळी.

मंदिर समित्या दोन ठिकाणी अडकतात. पैसे आधी खर्च करायचे आणि मग परत मिळतात, तेव्हा खात्यात तेवढी रक्कम हवी. दुसरं, पर्यावरण व वारसा तपासणी पूर्ण होण्याआधी खांब गाडायला एक खड्डा जरी खणला, तरी त्याचा खर्च नामंजूर होऊ शकतो. उत्साही विश्वस्तांना आधीच आवरा.

प्रश्न : अशा ग्रँटवर राजकीय अटी घालता येतात का? (कॅलिफोर्निया)

प्रयत्न होतात. २०२५ मध्ये आपत्कालीन निधीला इमिग्रेशन कारवाईत सहकार्याची अट जोडली गेली. अनेक राज्यं कोर्टात गेली, आणि सप्टेंबरमध्ये ऱ्होड आयलंडच्या फेडरल कोर्टाने ती अट बेकायदा ठरवली.

प्रश्न : आपल्याकडे असं काही आहे का? (नाशिक)

आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. महाराष्ट्रासारख्या राज्याने त्यात २५ टक्के घालायचे. त्यातून नवी केंद्रं, उपकरणं, प्रशिक्षण होईल. पण घटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे अग्निशमन हे काम पालिकेचं, त्यामुळे जवानाचा पगार अखेर पालिकेच्याच तिजोरीतून जातो. तुमच्या पालिकेत अग्निशामकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, एवढं माहितीच्या अधिकारात विचारा. नव्या गाडीच्या उद्घाटनाचा फोटो छापून येण्याआधीच विचारलंत तर बरं.