एचएल टॉरीच्या काळ्या पट्ट्या रिकाम्या नाहीत

भाऊ, तुम्ही विचारलंय की एचएल टॉरी या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीच्या फोटोत केशरी कड्यांमध्ये ज्या काळ्या पट्ट्या दिसतात, ती जागा रिकामी आहे का, आणि तिथे ग्रह आहेत हे नक्की झालंय का.

रिकामी नाही. तो फोटो 2014 साली चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींत घेतलाय. या लहरींत मुख्यतः बारीक वाळूएवढी धूळ चमकते. अशा चकतीत वजनाने साधारण 99 टक्के वायू आणि जेमतेम 1 टक्का धूळ असते. काळ्या पट्टीत ती जाडसर धूळ कमी आहे, फोटोवरून एवढंच म्हणता येतं.

ती कड्यांत का गोळा होते, हे समजलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होतो. वायूचा दाब आत जास्त, बाहेर कमी. त्या रेट्याच्या आधाराने वायू थोडा सावकाश फिरला तरी टिकतो. धुळीला हा आधार नाही, तिला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणजे कायम समोरून वारा! मे महिन्यात वर्धा रोडवर उलट्या वाऱ्यात सायकल हाणून बघा. तसाच दम खर्च होत होत कण आत घसरतो. सूर्य ते पृथ्वी एवढ्या अंतरावरचा मीटरभर दगड शंभरेक वर्षांत ताऱ्याकडे जाईल, असं गणित निघतं. मग या धुळीतून ग्रह घडायला वेळच कुठे उरतो? उत्तर कड्यांत आहे. चकतीत जिथे दाबाचा उंचवटा असतो, म्हणजे आजूबाजूपेक्षा दाब जास्त असतो, तिथे हा वारा पडतो आणि धूळ अडकून वाचते.

असा उंचवटा ग्रहामुळे होतो, तसाच चुंबकीय क्षेत्रामुळेही होऊ शकतो. म्हणून एचएल टॉरीत ग्रह ‘बहुधा’ आहेत, असंच मी म्हणेन. डोळ्यांसमोरचा पुरावा हवा तर पीडीएस 70 हा दुसरा तारा बघा. तिथे चकतीच्या पोकळीत 2018 मध्ये एक आणि 2019 मध्ये दुसरा ग्रह दिसला. दुसऱ्याभोवती तर त्याची स्वतःची छोटी चकतीही सापडली.

जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास मुलीला घेऊन पेंचकडे जा. रोहिणी जवळपास डोक्यावर असेल. हात लांब करून अंगठा धरला तर तिच्यापासून ध्रुवाच्या बाजूला अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर एचएल टॉरी आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर, तो तिच्या कितीतरी मागे, सुमारे 450 वर.