आधी तिची वही परत द्या

तुमच्या पत्रात मुलीच्या गुणांवर दोन ओळी आहेत आणि तिच्या वहीवर अर्धं पान. बारावीला 61 टक्के, तुमचा आग्रह इंजिनिअरिंगचा. ती मात्र दुकानात किंवा कॅफेत गेली की छताकडे बघत राहते, दिव्यांच्या जागा वहीत काढते. 'दिवे लावणं वायरमनचं काम, त्यासाठी शिकायचं काय?' असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय की ती वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलीय.

मी त्या वाक्यापाशी थांबले. 61 टक्क्यांनी तिचं काहीही बिघडलेलं नाही, या कुलपाने मात्र बिघडेल. आजवर ती वही तुमच्यासमोर उघडी ठेवायची, आता लपवायला शिकेल. तुम्ही म्हणाल तिथे प्रवेशही घेईल, पण तिथे जमत नसलं तरी तुम्हाला सांगणार नाही. तिचं पोट भरेल का, ही तुमची काळजी मला पूर्ण मान्य आहे. ती काळजी तिच्याशी बोला.

आता वायरमनचं. वीज दिव्यापर्यंत सुरक्षित पोचवणं हे त्याचं काम, आणि ते कसबाचं आहे. पण दिवा कुठे, कोणत्या कोनात, कोणत्या रंगाचा, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. ते काम लायटिंग डिझायनरचं, म्हणजे प्रकाशयोजना करणाऱ्याचं. कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम आठवा. दिवा थेट डोक्यावर असला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, माणूस थकलेला दिसतो, आणि चांगला कपडाही नको वाटतो. तोच प्रकाश आरशाच्या दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवरून आला की सावल्या जातात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप म्हणजे सीआरआय. सीआरआय 80 च्या दिव्याखाली गडद लाल कापड मळकट दिसू शकतं, 90 च्या पुढे ते खुलतं. कॅफेत 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर, उबदार प्रकाश टेबलापुरता पाडून मधली जागा थोडी काळोखी ठेवली की प्रत्येक टेबलाला आपला आडोसा मिळतो. म्हणजे अंधार कुठे राहू द्यायचा, हेसुद्धा ठरवायचं असतं. उघडा दिवा दुप्पट उंच टांगला की त्याचा थेट खाली पडणारा प्रकाश चौथाई होतो, हे तर तिच्या भौतिकशास्त्रातच आहे.

इंटिरिअर, आर्किटेक्चर, इलेक्ट्रिकल, रंगमंचावरची प्रकाशयोजना, यातल्या कुठूनही लायटिंग डिझाइनकडे येता येतं. म्हणजे इंजिनिअरिंगलाही माझी ना नाही, फक्त ते तिने निवडलेलं असू दे. प्रकाशाचा हिशोब करणारं डायलक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते तिला आजच उघडू द्या.

तिला नुसती झुंबरंच आवडत असतील, तर मीच तिला नको म्हणेन. इथे आकडेमोड आहे, मालकाच्या बजेटशी झगडा आहे, दुकान बंद झाल्यावर रात्री शिडीवर चढून एकेका दिव्याचा कोन लावणं आहे.

वही परत देताना तिच्यासमोर एक पान उघडा आणि विचारा, 'हा दिवा इथेच का?' उत्तर मध्ये न बोलता ऐका आणि मला कळवा. प्रवेशाचं त्यानंतर बोलू.