वाचकांचे प्रश्न : तिकिटावरचा शिपाई

प्रश्न : दक्षिण अटलांटिक महासागरातल्या, ब्रिटिशांच्या ताब्यातील फॉकलंड बेटांच्या काही टपाल तिकिटांवर जुन्या गणवेशातले सैनिक आहेत. ते ब्रिटिश फौजेचे होते का?

उत्तर : नाही. ते तिथलेच रहिवासी असलेले स्वयंसेवक होते. फॉकलंडमध्ये 1892 साली स्वयंसेवक दल उभे राहिले आणि शताब्दीनिमित्त 1992 मध्ये निघालेल्या तिकिटांवर त्याचे निरनिराळ्या काळांतले गणवेश चितारले गेले. दूरच्या वसाहतीत कायमची मोठी शिबंदी ठेवणे परवडणारे नसल्याने, आपापला व्यवसाय सांभाळून कवायत करणाऱ्या अशा नागरिकांवर साम्राज्याची बरीच भिस्त असे. हाँगकाँगमध्ये तर रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धामुळे शिबंदी रोडावल्यावर 1854 मध्येच स्वयंसेवक जमवण्यात आले होते. त्यांचीच परंपरा सांगणारी पलटण 1995 मध्ये विसर्जित झाली, तेव्हा तिच्यासाठीही तिकिटे निघाली.

गणवेश पाहताना रंगाकडे अवश्य लक्ष द्यावे. खाकीचा उगम आपल्याच उपखंडातला असून, फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ या शब्दावरून नाव पडलेला हा रंग 1840 च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडच्या ‘गाइड्स’ पलटणीने प्रथम वापरला. मात्र चित्रकारांना समारंभी पोशाखाचा मोह आवरत नाही, आणि इतक्या लहान कागदावर तो खुलतोही, त्यामुळे तिकिटावरचा झगमगाट म्हणजे रोजचा वेश असे समजू नये.